रेडिएटरचा नळ

नळवाल्याच्या घरात एकाही नळाला मूठ नव्हती. ऐकणाऱ्याला वाटायचं, थट्टा चालली आहे. पण तसं होतं खरं. स्वयंपाकघरातला नळ, न्हाणीघरातला, बेसिनचा, सगळे बोडके; वर पितळेचा नुसता चौकोनी खुंट. पाणी हवं असलं की खिशातली मूठ काढायची, खुंटावर बसवायची, पाणी घ्यायचं आणि मूठ परत खिशात टाकायची. एक मूठ नळवाल्याकडे असायची, दुसरी त्याच्या बायकोच्या गळ्यात दोरीला. घरी आलेल्या पाहुण्याला हात धुवायचे झाले तर आधी मूठ मागावी लागे, आणि असा मूठ मागून हात धुतलेला पाहुणा सहसा पुन्हा फिरकत नसे.

हे सगळं आईमुळे. आईचा अख्खा जन्म पाण्याची वाट बघण्यात गेला होता. ती नांदायला आली त्या घरात नळ होता, पण पाणी कधी येईल याचा नेम नसे. मग नळ उघडाच ठेवायचा, खाली बादली लावायची, आणि बादलीत धार पडल्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून धावायचं. आता आईच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. मुलाचा चेहरा गेला, सून कोण ते गेलं, आपण जेवलो की नाही हेही गेलं. नळ तेवढा राहिला. दिसेल तो नळ ती उघडायची आणि पुढच्या नळाकडे निघायची. आता घरात पाणी कायम असे, त्यामुळे बाकीचं सांगायला नको. खालच्या मजल्यावरच्या माणसांच्या छताला पोपडे धरले. नळवाल्याच्या घरातून गळती, म्हणजे लोकांना आयता विषय मिळाला.

नळवाल्याची कामात एकच शेखी होती, माझं काम गळत नाही. एकदा जोड मारला की त्याच जोडासाठी त्या दारात त्याला पुन्हा पाऊल ठेवावं लागत नसे. गिऱ्हाइकं म्हणायची, "तुमची भेट हवी असेल तर घरात काहीतरी नवीन फोडावं लागतं." हे ऐकलं की तो दिवसभर खूश असायचा. अशा माणसावर खालच्यांच्या छताखाली उभं राहून माफी मागायची वेळ आली. त्याच संध्याकाळी त्याने घरातल्या सगळ्या मुठी काढल्या.

तेवढ्याने भागलं असतं तर बरं होतं. पण फिरतं असं काहीही आईला नळच वाटायला लागलं. एका सकाळी बायकोला वासाने जाग आली. आई शेगडीपाशी उभी होती, शेगडीची सगळी बटणं फिरवलेली, आणि ती कान देऊन ऐकत होती. "हवा येतेय," ती म्हणाली, "म्हणजे पाणी मागोमाग येईलच." बायकोने खिडक्या उघडल्या, आईला बाहेर नेलं आणि मग ती जिन्यात बसून हुंदके देऊन रडली. त्या दिवसापासून सिलिंडर गॅलरीत कुलपात गेला. बायको रोज चहासाठी कुलूप उघडायची आणि चहा झाला की लावायची. आईवर एक डोळा ठेवून झोपायचं, म्हणजे झोपायचंच नाही. मुठी काढायच्या आधी ओली फरशी पुसून पुसून बायकोचं मनगट सुजलं होतं ते अजून उतरायचं नाव घेत नव्हतं.

नळवाल्याच्या लांब राहणाऱ्या ताईने फोनवरून एक जागा शोधून काढली. अशा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं घर होतं, शहराबाहेर, चढ चढून गेल्यावर. स्वच्छ, बायका प्रेमळ, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिथे एक खाट रिकामी झाली होती. उद्या दुपारपर्यंत आईला घेऊन आलात तर खाट तुमची, नाहीतर रांगेतल्या पुढच्या माणसाची. "मन घट्ट कर," ताई म्हणाली. लांबच्या माणसांना मन घट्ट करणं जरा सोपं जातं, पण ताई फोन ठेवताना रडत होती, तेव्हा तिलाही काही बोलण्यात अर्थ नव्हता. नळवाला हो म्हणाला.

आणि नेमकी गाडी अडली.

गाडी म्हणजे त्याची जुनी, हत्यारं आणि पाईप वाहून वाहून मागून बसलेली. भाड्याच्या गाडीतून एकदा आईला डॉक्टरकडे नेलं होतं, तर तिने भर रस्त्यात दाराचं हँडल फिरवलं. त्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि हात जोडले. नळवाल्याच्या गाडीत मात्र आई शहाण्यासारखी बसायची. गाडीला ओळखायची ती. शिवाय पुढच्या दाराचं आतलं हँडल त्याने काढूनच टाकलं होतं.

गेले काही दिवस इंजिन तापत होतं. रेडिएटरमधलं पाणी गंजून तपकिरी झालं होतं. चढ चढायचा तर ते सोडून ताजं कूलंट भरलेलं बरं, म्हणून दुपारी तो गाडीखाली शिरला. रेडिएटरच्या तळाला पाणी सोडायचा एक प्लास्टिकचा स्क्रू असतो, नखाएवढ्या डोक्याचा. त्याने पाना लावला, जरा फिरवला, आणि डोकं तुटून त्याच्या छातीवर पडलं. मागोमाग गंजकं पाणी बोटभर धारेने सदऱ्यावर.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक येऊन वाकून बघून गेला. "नुसता स्क्रू मिळत नाही," तो म्हणाला. "रेडिएटर मागवायला लागेल. यायला वेळ लागतो."

"उद्या सकाळी निघायचंय."

"मग उद्या सकाळी रिक्षा बघा."

"मी करतो काहीतरी."

"तुम्ही काय करणार, नळ बसवणार?" मेकॅनिक हसला. "बसवा, बसवा. मग पाण्याचा मीटरही लावून टाका."

नळवाल्याला हसू आलं नाही. हसायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. पण मेकॅनिक म्हणाला तेच करायचं त्याच्या मनात होतं. एक चांगला, पितळी, दांडीने उघडणारा नळ. पुन्हा म्हणून गाडीखाली शिरायला नको.

बायकोला त्याने वर झोपायला पाठवलं. "दोन तास तरी पड. आई माझ्याजवळ बसेल." त्याने इमारतीच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची टाकली, आईला तिच्यावर बसवलं आणि हत्यारांची पेटी उघडली. बायको जिना चढताना कठड्याला धरून चढत होती. पूर्वी ती असा कठडा धरत नसे.

"नळवाले," आई म्हणाली, "पाणी कधी येणार हो?"

आई पोटच्या पोराला अहो-जाहो करायला लागली त्याला आता बराच काळ झाला होता. मुलगा म्हणून ती त्याला ओळखत नव्हती. पण हा नळवाला आहे हे कुठून कसं कोण जाणे, तिच्या पक्कं लक्षात होतं. हत्यारांची पेटी बघून असेल. किंवा त्याच्या अंगाला सरसाचा आणि गंजाचा वास येत असेल.

"येईल, आई," तो म्हणाला.

"आई म्हणता! चांगलं वळण आहे तुमचं."

तुटक्या स्क्रूचं खोड आत अडकलं होतं. त्याने जुना स्क्रूड्रायव्हर गॅसच्या बत्तीवर लाल केला, प्लास्टिकच्या खोडात खुपसला, गार होईपर्यंत धरून ठेवला आणि मग हळूच उलटा फिरवला. खोड सुटून बाहेर आलं. आतले आटे शाबूत होते. दुसऱ्या कुठल्या दिवशी एवढं मनासारखं झालं असतं तर त्याने शीळ घातली असती.

मग भंगाराचा डबा पालथा घातला. त्यात त्याच्या सगळ्या जन्माची कमाई होती: तोट्या, जोड, नट, कुणाच्या कुणाला न बसणाऱ्या टोप्या. एकेक बोल्ट घेऊन तो भोकात लावून बघत होता. प्लास्टिकच्या टाकीला जबरदस्ती चालत नाही, आटे आपणहून जुळले पाहिजेत. शेवटी कुठल्यातरी मेलेल्या पंपाचा एक पितळी बोल्ट सरसर आत गेला. तो त्याने व्हाइसमध्ये पकडला, डोकं कापलं आणि ड्रिलने मधोमध आरपार भोक पाडायला घेतलं.

"माझा मुलगाही हेच काम करतो," आई म्हणाली.

"हो का?"

"हो. हात चांगला आहे त्याचा. पण बाहेरच्या लोकांचे नळ आधी. घरचे बघायला वेळ नाही. घरातल्या सगळ्या नळांच्या मुठी चोरीला गेल्यात, सांगितलं मी त्याला. तर नुसतं हं हं करतो."

नळवाल्याच्या खिशातली मूठ मांडीला टोचत होती. "बोलतो मी त्याच्याशी," तो म्हणाला.

"बोला. तुमचं ऐकेल. तुम्ही एका धंद्यातले."

आता तो पोकळ बोल्ट एका पितळी जोडात बसवून बत्तीने झाळायचा होता. झाळ वितळून कडेने चांदीसारखी फिरली. ती गार व्हायची वाट बघत तो जमिनीवरच बसला. पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटायला लागले.

"जेवलात का?" आईने विचारलं.

"नाही अजून."

"मग इथे काय बसलात भर दुपारी? जा घरी. आई थांबली असेल जेवायची."

नळवाल्याने डोळे उघडले. लग्नाआधी, आणि लग्नानंतरही कितीतरी दिवस, तो कामावरून येईपर्यंत आई पानावर बसत नसे. किती भांडला होता तो त्यावरून. कुणी सांगितलंय थांबायला, मी वाटेत खाऊन घेतो, उगाच माझ्या डोक्याला ताप. एवढं तिच्यावर खेकसल्याचं त्याला स्वच्छ आठवत होतं, आणि जिच्यावर खेकसला तिच्या डोक्यातून ते पार पुसलं गेलं होतं. थांबायचं तेवढं तिने डोक्यात ठेवलं होतं.

तो उठून कामाला लागला. काम असलं की बरं असतं. जोडाला गळती रोखणारी पांढरी पट्टी गुंडाळली, दांडीचा तो नळ, म्हणजे बॉल व्हॉल्व्ह, फिरवून बसवला, व्हॉल्व्हच्या तोंडाला बोटभर रबरी नळी लावली. बोल्टाला गिझरचा वॉशर घातला, उकळत्या पाण्याला न घाबरणारा. मग गाडीखाली शिरून सगळं बेताने आवळलं आणि व्हॉल्व्हचं वजन प्लास्टिकवर येऊ नये म्हणून पत्र्याच्या पट्टीने गाडीच्या सांगाड्याला बांधलं. दांडी बंपरच्या खाली बरोबर पुढे आली. वाकलं की हाताला लागेल अशी. कोणी पाहणार नव्हतं, पण काम देखणं झालं होतं.

रेडिएटरमध्ये त्याने साधं पाणी भरलं, न्हाणीघरातली लहान बादली खाली लावली आणि दांडी फिरवली. पाणी बादलीत धडधडलं.

आई खुर्चीवरून उठली. "आलं!" ती ओरडली. "पाणी आलं! अहो, आलं! बादल्या आणा गं, पाणी आलं!"

वरच्या गॅलऱ्यांतून दोन-चार डोकी बाहेर आली. आईला त्याचं काही नव्हतं. ती धारेखाली हात धरून हसत होती. दात पडल्यापासून ती हसताना तोंडावर हात धरायची, आज तेही विसरली. इतके महिने तिने बोडक्या खुंटांशी झटापट केली होती. त्या सगळ्यात आज पहिल्यांदा तिच्या समोरच्या नळाला पाणी आलं होतं. नळवाला बादलीकडे बघत तसाच उकिडवा बसून राहिला. भरून आलं होतं त्याला, आणि दमलाही होता इतका, की भरून आलं की नुसतं दमल्यामुळे, ते त्याला कळेना.

"गुणाचे आहात हो," आई म्हणाली आणि ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

संध्याकाळी त्याने हिरवं कूलंट भरलं, इंजिन तापवून बघितलं, खाली कागद पसरून बघितला. कागद कोरडा होता. आता राहिली दांडी. दांडीचा नट काढायचा, दांडी खिशात टाकायची, संपलं. घरातल्या सगळ्या नळांचं जे केलं तेच. त्याने नट काढला, दांडी उपसली. मग ती हातात घेऊन तो थोडा वेळ बसला आणि परत लावून नट आवळला. वाटेत लागली तर, असं त्याने स्वतःला सांगितलं. आता वाटेत कोणाला रेडिएटरचं पाणी सोडायला लागतं? पण स्वतःची समजूत घालायची असली की माणूस फार चौकशी करत नाही.

सकाळी बायकोने आईला आंघोळ घातली, वेणी घातली, धुतलेले कपडे घातले. एका बॅगेत आईचं सगळं मावलं. बायको तिला खाली घेऊन आली तेव्हा नळवाला बॅग मागच्या सीटवर ठेवत होता. आईला खुर्चीवर बसवलं. तेवढ्यात बायकोला आठवलं, आईचा चष्मा वरच राहिला.

"तुम्ही आहात ना इथे?"

"आहे," तो म्हणाला.

बायको वर गेली. आणि नळवाल्याला आठवलं की घराचा मुख्य कॉक बंद करायचा राहिला आहे. बाहेरगावी निघताना तो नेहमी बंद करायचा. कॉक इमारतीच्या मागे होता. जाऊन येऊन काही वेळ लागत नाही. तो मागे गेला, कॉक बंद केला, आणि परत यायच्या ऐवजी टाकीच्या पायरीवर बसला. सावली होती. कोणी काही विचारत नव्हतं. पलीकडे कुणाच्या तरी घरात कपडे आपटल्याचा आवाज येत होता. आई पुढे एकटी आहे हे त्याला माहीत होतं. बंपरखाली काय आहे तेही माहीत होतं. तरी तो बसून राहिला.

तो पुढे आला तेव्हा आई बंपरपाशी वाकलेली होती. खाली बादली लावलेली. ती न्हाणीघरातली लहान बादली रात्री तो गाडीजवळच विसरला होता. बादली काठोकाठ हिरव्या पाण्याने भरली होती.

 ते पाणी विषारी. तो धावला, आईचा हात धरला, तोंड बघितलं. "प्यायलीस? आई, तोंडात नाही ना घातलंस?"

"काय हे अंगावर येणं!" आई रागावली. "पहिलं पाणी कुणी पितं का? पहिलं पाणी गढूळच येतं. हे भांड्याला ठेवायचं. त्यांना सांगा, टाकी धुवा म्हणावं, शेवाळ धरलंय."

ओठ कोरडे होते. हात तेवढे ओले होते. त्याने ते बाटलीतल्या पाण्याने दोनदा धुतले, स्वतःच्या सदऱ्याला पुसले. मग खाली बघितलं. जमिनीवर एक थेंब नव्हता. दांडी आडवी होती.

आडवी म्हणजे बंद.

आईने नळ बंद केला होता. इतक्या महिन्यांत घरातला एकही नळ तिने बंद केला नव्हता. उघडायची आणि निघून जायची. पण इथे समोर धार पडत होती, बादली भरत आली होती, आणि बादली भरली की नळ बंद करायचा असतो, हे तिच्या हाताला अजून ठाऊक होतं. पाणी जमिनीवर वाहून गेलं असतं तर नवं कूलंट आणायला जावं लागलं असतं, दुकान उघडायची वाट बघावी लागली असती, दुपार झाली असती. एवढंच तर त्याला हवं होतं. आणि आईने सगळं पाणी नीट धरून ठेवलं होतं. उचलून परत ओतलं की झालं.

बायको चष्मा घेऊन मागे उभी होती. तिने बादली बघितली, दांडी बघितली.

"दांडी राहिली?" तिने विचारलं.

"राहिली."

"तुमच्या हातून?"

त्याने नजर बादलीकडे वळवली. लग्नाला इतकी वर्षं झाली की खोटं बोलायचं म्हटलं तरी धड बोलता येत नाही.

बायकोने आईच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, कानामागचे केस नीट केले. "मलाही त्यांना घालवायची हौस नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "पण मला झोप लागत नाही हो. डोळा लागला की शेगडीचा वास येतो. नसतो, तरी येतो. एखाद्या दिवशी मी उठणार नाही आणि तो खरा असेल."

तिने वाकून बादली उचलायला हात घातला. सुजलेल्या मनगटाने ती उचलेना. नळवाल्याने तिच्या हातातून बादली घेतली, फडक्यातून गाळत सगळं पाणी रेडिएटरमध्ये परत ओतलं, मग पेटीतला पाना काढून दांडी काढली आणि खिशात टाकली. घरच्या मुठीशेजारी.

आई पुढच्या सीटवर बसली आणि खिडकीतून बघत राहिली. बायको मागे बॅगेशेजारी बसल्या बसल्याच झोपी गेली. चढ सुरू झाला तशी नळवाल्याची नजर काट्यावर गेली. एरवी असा चढ आला की काटा वर सरकायचा, तो शिव्या देत गाडी बाजूला घ्यायचा, बॉनेट उघडून उभा राहायचा. आज त्याला वाटत होतं, सरक. थोडा तरी सरक. झाळीला कुठे सुईएवढं भोक राहिलं असेल, वॉशर कुठे चुकून तिरका बसला असेल. गाडी बंद पडेल, वाटेतून परत फिरावं लागेल, खाट जाईल, आणि दोष कुणाचाच नसेल. आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम गळावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

काटा मध्यावर बसला तो बसलाच. गाडी इतकी विनातक्रार कुठलाच चढ गेल्या कित्येक दिवसांत चढली नव्हती.

ते घर खरोखरच स्वच्छ होतं, ताई म्हणाली होती तसं. उतरल्यावर त्याने आधी वाकून बंपरखाली हात घातला, जोडावरून बोट फिरवलं. बोट कोरडं आलं. मग त्याने आईसाठी दार उघडलं.

तिथल्या बाईंनी खोली दाखवली. खिडकीशी खाट, कोपऱ्यात बेसिन. खोलीत दुसरी एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. बाई बोलायला मोकळ्या होत्या. जेवण कधी, डॉक्टर कधी, सगळं सांगत होत्या. बायकोने शेगडीबद्दल विचारलं, तर स्वयंपाकघर पलीकडच्या इमारतीत, तिकडे कोणी जात नाही, म्हणाल्या. आई तोवर सरळ बेसिनपाशी गेली. नळाला मूठ होती. तिने ती फिरवली, पाणी आलं, तिने हात धुतले आणि नळ बंद केला.

"नळांची काळजी नको," बाई म्हणाल्या. "इथे सगळे थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. आणि पाणी कायम असतं."

आईने ओले हात झटकले. खोलीत इकडे तिकडे बघितलं, आणि ओळखीचा म्हणून तिला तोच सापडला.

"झालं का काम, नळवाले?"

"झालं."

"गळत नाही ना?"

"नाही," तो म्हणाला.  "अजिबात गळत नाही."

"मग जा आता घरी. किती उशीर. आई थांबली असेल जेवायची."

बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं. नळवाला दारापर्यंत गेला आणि परत फिरला. आई खाटेवर बसून चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत होती.

"मी रविवारी येतो," तो म्हणाला.

आईने वर बघितलं. चष्म्यातून तिचे डोळे मोठे दिसत होते. "आता कशाला?" तिने विचारलं. "गळत नाही म्हणालात ना?"

नळवाल्याने खिशात हात घातला. हाताला दांडी लागली, तिच्याशेजारची मूठ लागली. इतक्या वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाला जे सांगितलं नव्हतं, ते त्याने सांगितलं.

"गळेल," तो म्हणाला. "कच्चं काम आहे माझं. बघायला यावं लागेल."